इंग्रजीतले कॅन, मे, शुड, मस्ट: शिकवायचं काय आणि कुठून?

संध्यावर्ग

नमस्कार मंडळी. बारामतीजवळ मी संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. येणारी मुलं-मुली बहुतेक आयटीआय झालेली, काही एमआयडीसीत कामाला लागलेली, काही गृहिणी. बोलायची भीड चेपली की पुढचं बरं जमतं. पण मोडल ऑक्झिलरी, म्हणजे कॅन, मे, शुड, मस्ट अशी साहाय्यक क्रियापदं, आल्या की दरवेळी घोळ.

'आय कॅन एबल टू डू', 'ही कॅन स्पीक्स', 'यू मस्ट हॅव टू कम' ही नेहमीची मासलेवाईक वाक्यं. गंमत म्हणजे तक्ता सगळ्यांना तोंडपाठ असतो: कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजे कदाचित, शुड म्हणजे पाहिजे, मस्ट म्हणजे पाहिजेच. बारावीला 'दिलेला अर्थ दाखवणारी मोडल वापरून वाक्य पुन्हा लिहा' या प्रश्नाला मार्कही पडलेले असतात. आणि तोच मुलगा सुपरवायझरला 'यू मस्ट गिव्ह मी लीव्ह ऑन मंडे' म्हणतो. मनात 'सोमवारी सुट्टी मिळाली तर बरं होईल साहेब' एवढंच असतं, समोरच्याच्या कानावर फर्मान पडतं.

माझं मत असं की शॅल आणि ऑट टू शिकवणं सरळ बंद करावं. बोलताना कोण वापरतं? कॅन, कुड, विल, वुड, शुड आणि हॅव टू एवढ्यावर भागतं. मे आणि मस्ट ऐकून कळले तरी पुष्कळ.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कॅनला एस का लागत नाही, याला 'नियम आहे' याहून बरं उत्तर आहे का? आणि तक्ता फेकून दिला तर सुरुवात कुठून करू?

पोपटपंची

मे आय कम इन, मॅडम?

संध्यावर्ग

या. चपला बाहेर.

जुनी_पाटी

आमचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. वर्गाच्या दारात उभं राहून सगळे एका दमात 'मेआयकमिन्सर' ओरडायचो. त्यात चार-पाच वेगळे शब्द आहेत आणि पहिला मे आहे, हे आठवीपर्यंत कोणी सांगितलं नाही. तरी काही अडलं नाही. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीलाच इंग्रजी आलं, पण नातवाच्या वर्गातही तीच आरोळी ऐकू येते.

व्याकरणवेडा

एसचं उत्तर जुन्या इंग्रजीत आहे. कॅन, मे, शॅल ही रूपं मुळात भूतकाळाची. कॅन ज्या क्रियापदातून आलं त्याचा अर्थ होता 'जाणणे, माहीत असणे'. जे काल समजून घेतलं ते आज मला येतं, अशा वाटेने भूतकाळी रूप वर्तमानाच्या अर्थाने रुळलं. हे इंग्रजी वेगळी भाषा होण्याच्याही आधी घडलं, म्हणून जर्मनमध्येही 'एर कान' म्हणताना नेहमीचा तृतीयपुरुषी प्रत्यय गायब असतो. 'ही वेंट'ला एस लावत नाही ना? मग 'ही कॅन'लाही नाही. पोशाख वर्तमानाचा, कूळ भूतकाळाचं.

नंतर या मंडळींना नवा भूतकाळ हवा झाला तेव्हा कुड, माइट, शुड तयार झाले. मस्टची कथा आणखी मजेशीर. 'मोट' नावाचं एक क्रियापद होतं, ते मेलं. मस्ट हे त्याचं भूतकाळी रूप मागे राहिलं आणि वर्तमानात नोकरीला लागलं. त्याला पुन्हा भूतकाळ कोणी दिलाच नाही. म्हणून 'काल मला जावं लागलं' म्हणताना 'हॅड टू' उसनं आणावं लागतं. विल हे या कुळातलं नाही, ते 'इच्छा असणे' यातून आलं, पण संगतीने तसंच वागायला लागलं.

जाता जाता: वुड आणि शुडमधला न बोलला जाणारा एल हा विल आणि शॅलचा वारसा आहे. कुडमध्ये एल कधीच नव्हता. शेजारच्या दोघांकडे बघून लिहिणाऱ्यांनी तो घुसडला.

मायाजाल

कुडचा एल बोगस निघाला! स्पेलिंग चुकवून खाल्लेल्या छड्या परत करा आता. वाचनखूण साठवली आहे.

कज्जेदलाल

शॅल बंद? ताई, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका.

राज्यघटना उघडा, पहिल्याच कलमात शॅल भेटेल. २१-अ मध्ये सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना राज्य मोफत व सक्तीचं शिक्षण 'शॅल प्रोव्हाइड'. कलम ४४ मध्ये समान नागरी संहितेसाठी राज्य 'शॅल एंडेव्हर'. शॅल दोन्हीकडे आहे, पण एकीकडे द्यायचंच आहे आणि दुसरीकडे प्रयत्न करायचा आहे.

आता गंमत. शॅल लिहिलं म्हणजे ते बंधनकारकच, असं असतं तर आम्ही वकील उपाशी मेलो असतो. कलम ३२०(३) म्हणतं की अमुक बाबींत लोकसेवा आयोगाचा सल्ला 'शॅल' घेतला जाईल. उत्तर प्रदेशातल्या मनबोधनलाल श्रीवास्तव प्रकरणात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा शॅल मँडेटरी म्हणजे बंधनकारक नव्हे, डिरेक्टरी म्हणजे मार्गदर्शक आहे. सल्ला नीट घेतला नाही एवढ्यावरून कर्मचाऱ्यावरची कारवाई रद्दबातल ठरत नाही. म्हणजे कोर्ट नुसता शब्द पाहत नाही. तो मोडला तर काय व्हावं असं कायद्याला वाटतं, ते पाहतं.

मेची बाजू बघा. वेलिंग्टन असोसिएट्सच्या प्रकरणात (२०००) करारात लिहिलं होतं की वाद लवादाकडे 'मे बी रेफर्ड'. न्यायालय म्हणालं, मे आहे म्हणजे लवादाकडे जायला दोघांची नव्याने संमती लागेल, हे आपोआप बंधन नाही. एकाक्षरी मेने सगळं कलम लंगडं केलं. त्यामुळे करार लिहिताना मे टाकण्याआधी तुमच्या मुलांनी चहा पिऊन यावं.

संध्यावर्ग

@कज्जेदलाल, माझी मुलं करार लिहीत नाहीत हो, सही करतात.

कज्जेदलाल

मग तर शॅल ओळखता आलाच पाहिजे. भाडेकरार, अप्रेंटिसशिपचा बाँड, कर्जाचे कागद, सगळीकडे 'द बॉरोअर शॅल'. बोलायला नका शिकवू, पण दिसला की पेन खाली ठेवून पुन्हा वाचायचं एवढं शिकवा.

बोस्टनबाई

अमेरिकेत उलटं वारं आहे. फेडरल कोर्टांची दिवाणी कार्यपद्धतीची नियमावली २००७ मध्ये सोप्या भाषेत नव्याने लिहिली, तेव्हा शॅलला बहुतेक सगळीकडून हाकललं आणि जागेप्रमाणे मस्ट, मे, शुड घातलं. कारण हेच, वर कज्जेदलाल म्हणतात ते: शॅल वाचून बंधन आहे की नाही ते खात्रीने कळत नाही.

बग्गीवाला

हा वाद आमच्या क्षेत्रात १९९७ च्या मार्चमध्ये मिटला. आरएफसी २११९ नावाचा छोटासा दस्तऐवज आहे. इंटरनेटची मानकं लिहिताना कुठल्या शब्दाचा काय अर्थ, एवढंच त्यात सांगितलंय. मस्ट आणि शॅल एकच: करायचंच. शुड म्हणजे करावं, पण सबळ कारण असेल तर परिणाम नीट समजून घेऊन सोडता येईल. मे म्हणजे खरोखर ऐच्छिक. मग लोकांना प्रश्न पडला की साध्या वाक्यात सहज आलेला मस्टही नियमच का? त्यावर २०१७ मध्ये आरएफसी ८१७४ आलं: सगळी अक्षरं कॅपिटल असतील तरच हा खास अर्थ.

टेस्टर म्हणून सांगतो, सगळी भांडणं शुडवर होतात. डेव्हलपरला शुड म्हणजे 'वेळ मिळाला तर' वाटतं, मला 'कारण दे नाहीतर कर' वाटतं.

पोपटपंची

आमच्या घरी आरएफसी लागू आहे. बायकोचं शुड कॅपिटलमध्ये असतं.

लीड्सकर

मूळ प्रश्नाकडे येतो. तो सुपरवायझरचा मस्ट फार महत्त्वाचा आहे, आणि तक्त्यात त्याचं उत्तर सापडणार नाही. तक्ता ताकद सांगतो: मस्ट जोरदार, शुड मध्यम, माइट मिळमिळीत. प्रत्यक्षात बघायचं असतं की काम कुणाच्या फायद्याचं आहे आणि नाही म्हणायची मुभा कुणाला आहे.

इथे इंग्लंडमध्ये शेजारीण 'यू मस्ट कम फॉर डिनर' म्हणते, त्यात हुकूम नाही, अगत्य आहे, कारण जेवण माझ्या पोटात जाणार. आपल्याकडे 'यायचंच हं, कारणं चालणार नाहीत' म्हणतात ना, तसंच. पण तोच मस्ट स्वतःच्या सुट्टीसाठी वापरला की उद्धटपणा. स्वतःला काही हवं असेल तर इंग्रज एक पाऊल मागे जाऊन भूतकाळी रूप घेतो: कुड यू, वुड यू, आय वॉज होपिंग. त्यात काळ नसतोच, अंतर असतं. 'कुड आय टेक मंडे ऑफ?' यात कालचं काही नाही.

याची दुसरी बाजूही शिकवा. इथला मॅनेजर 'यू माइट वॉन्ट टू हॅव अनदर लुक ॲट दिस' म्हणतो, तेव्हा तक्ता पाठ केलेला माणूस समजतो की बघितलं तर बघितलं. अर्थ असतो: हे चुकलंय, आत्ता बघ.

आणि शॅल मेलेला नाही. 'शॅल आय ओपन द विंडो?', 'शॅल वी गो?' हे रोज ऐकतो. ऑट टूबद्दल मात्र तुमच्याशी सहमत.

साधं_बोला

हे सगळे साहेबाचे चोचले आहेत. आपल्याकडचं इंग्रजी ही आपली स्वतंत्र बोली आहे. पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसात 'आय वुड बी कमिंग टुमॉरो' म्हणा, सगळ्यांना कळतं की उद्या येणार. मग त्यात चूक काय? इंग्रजांच्या कानासाठी बारामतीच्या मुलांनी जीभ का वळवायची?

लीड्सकर

@साधं_बोला, पुण्यात पुण्याशी बोलताना काही चूक नाही. पण 'वी वुड डिलिव्हर बाय फ्रायडे' असं मेल इकडे आलं की वाचणारा थांबतो. त्याच्या डोक्यात पुढचा प्रश्न येतो: वुड, जर काय झालं तर? त्याला हे अर्धं वाक्य वाटतं, अट राहिलीये असं वाटतं. 'वी विल' लिहिलं की विषय संपला. चोचले नव्हेत, शुक्रवारचा प्रश्न आहे.

साधं_बोला

मग त्यांनीही थोडं आपलं वुड शिकावं की. पण बरं, विल हा शब्द लहान आहे, तो वाचवायला हरकत नाही.

नस्ती_उठाठेव

सरकारी खात्यातून निवृत्त. 'मे' या शब्दावर आमचं खातं चालायचं. टिपणीच्या शेवटी 'मे काइंडली बी अप्रूव्ह्ड'. हा मे कदाचितचा नाही आणि परवानगीचाही नाही, तो वाकून केलेल्या नमस्काराचा आहे. मराठीतून कारभार आला तेव्हा त्याची जागा 'मान्यता देण्यात यावी' याने घेतली. तीच 'यावी' वरून खाली आली की हुकूम. मी लिहायचो 'कृपया मान्यता द्यावी', साहेब समासात लिहायचे 'चर्चा करावी'. रूप तेच. माझी ती विनंती, त्यांची ती हजेरी. लीड्सकर म्हणतात ते खरं, शब्दाची ताकद खुर्ची ठरवते.

ओसरी

तक्ता फेकून कुठून सुरू करावं, यावर माझं मत: मराठीपासून. 'कॅन म्हणजे शकणे' हे अर्धसत्य आहे, कारण मराठी माणूस शकणे तेवढं वापरतच नाही. मला पोहता येतं. मला आज यायला जमणार नाही. मी इथे बसू का? गाडी इथे लावली तर चालेल का? या चारही ठिकाणी इंग्रजीत कॅन येतो आणि मराठीत एकदाही शकणे नाही. मुलाच्या डोक्यात आधी 'येतं', 'जमेल', 'चालेल' हे असतं. तो आधी त्याचं 'शकतो' करतो, मग कॅन करतो, आणि या दोन उड्यांत 'कॅन एबल टू' जन्माला येतं. 'येतं, जमतं, चालतं' वरून थेट कॅनवर उडी मारू द्या.

अंदाज करण्यात तर मराठी पोरं मुळातच पक्की असतात. दारात चपला दिसल्या: 'बाबा आले असणार.' वेळ झाली आहे: 'आले असावेत.' काहीच माहीत नाही: 'आले असतील, बघ.' असणारला मस्ट हॅव कम, असतीलला मे किंवा माइट हॅव कम. मधल्या 'असावेत'साठी इंग्रजीत शुड हॅव अरायव्हड बाय नाऊ किंवा सरळ प्रॉबेबली. मस्टचा हा अर्थ 'पाहिजेच' पाठ केलेल्या मुलाला सापडत नाही, पण 'असणार' त्याच्या जिभेवर तयार असतो. आणि नकारात मस्ट नॉट नव्हे, कान्ट: 'आले असणं शक्यच नाही, चपला कुठे आहेत?' ही कान्ट हॅव कम.

आणखी एक: 'सुट्टीत आजोळी जायचो, विहिरीत डुंबायचो' यातलं जायचो, डुंबायचो म्हणजे हुबेहूब वुड. हे पुस्तकात शेवटच्या पानावर असतं. आधी शिकवलं तर मुलं दिवसभर आठवणी सांगत बसतील.

व्याकरणवेडा

@ओसरी, जोरदार. भर घालतो: कॅनचा मूळ अर्थ 'जाणणे' असल्यामुळे 'मला पोहता येतं' हे त्याच्या जन्माच्या अर्थाला 'पोहू शकतो'पेक्षा जवळचं आहे.

एक कुरबूर मात्र. कुड हा शकण्याचा भूतकाळ असं सांगू नका. 'लहानपणी मला झाडावर चढता यायचं' याला कुड चालतो. 'काल धावत जाऊन गाडी पकडता आली' याला 'आय कुड कॅच' कानाला खटकतं. तिथे 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू'. एकदाच घडलेल्या यशाला कुड नको, एकदाच घडलेल्या अपयशाला मात्र 'कुडन्ट' बिनधास्त.

टंकनिका

ओसरींच्या प्रतिसादाला +१. पण गंगा आता उलटी वाहते आहे. कस्टमर केअरला फोन लावा: 'मी आपली काय मदत करू शकते?' अगं बाई, शकतेस हे माहीत आहे, करशील का ते सांग! सरळ 'काय मदत करू?' का नाही म्हणत? मुलगी परवा आजीला म्हणाली, 'मी टीव्ही लावू शकते का?' आजी म्हणाली, बटण तर दाबता येतं की तुला.

गोंयकार

कोंकणीत 'जाय' हा एक शब्द हवं आणि पाहिजे दोन्ही सांभाळतो. 'म्हाका च्या जाय' म्हणजे चहा हवा, आणि 'वचपाक जाय' म्हणजे जायला पाहिजे. शाळेत शुड शिकताना आम्ही मनात जाय म्हणायचो आणि 'आय शुड टी' येता येता राहायचं.

पोपटपंची

आय शुड टी. टी-शर्टावर छापा.

लेथवाला

धागा पूर्ण वाचला. मी टर्नर आहे, वीसेक माणसांच्या शॉपवर देखरेख करतो. तुमच्या चर्चेत एक गोष्ट राहिली, आणि आमच्याकडे तीच सगळ्यात महागात पडते.

लेथ आणि ड्रिलवर हातमोजे घालायचे नसतात. फिरत्या जॉबमध्ये मोज्याचं टोक अडकलं तर मशीन हातासकट ओढून घेतं. आमच्या भिंतीवर इंग्रजी पाटी आहे: 'ग्लव्ह्ज मस्ट नॉट बी वॉर्न'. आयटीआयहून नवीन आलेल्या पोराला अर्थ विचारला. म्हणाला, मस्ट म्हणजे पाहिजेच, नॉट म्हणजे नाही, म्हणजे पाहिजेच असं नाही. घातले तरी चालतील, नाही घातले तरी चालतील. तक्त्याप्रमाणे त्याचं गणित बरोबर होतं! मी पाटीखाली मराठीत लिहिलं, 'हातमोजे घालायचे नाहीत. म्हणजे नाहीत.'

संध्यावर्ग

अंगावर काटा आला. हे आधी शिकवायला हवं. इंग्रजीत नॉट मस्टला नव्हे, पुढच्या कामाला चिकटतो. न करणं बंधनकारक. 'गरज नाही' म्हणायचं असेल तर 'डोन्ट हॅव टू' किंवा 'नीडन्ट'. मराठीत 'घालू नये' आणि 'घातले नाहीत तरी चालेल' यात गोंधळ होत नाही, कारण वाक्यंच वेगळी आहेत.

लेथवाला

होय. पण 'नये'सुद्धा पोरांना उपदेश वाटतो. 'खोटे बोलू नये'मधला. पाटीवर 'घालायचे नाहीत'च चालतं.

कज्जेदलाल

नोंद घ्या, अपघात झाला तर ही पाटी कोर्टात पुरावा म्हणून येईल, आणि कामगाराला ती कळत होती का, हा पहिला प्रश्न असेल. मराठीत लिहिलंत ते उत्तम केलंत.

मायाजाल

धागा मोडलवरून कामगार कायद्यावर गेलाय, तरी वाचतोय.

संध्यावर्ग

सगळ्यांचे आभार. माझ्यापुरतं असं ठरवलंय. पहिल्या दिवशी कॅन, पण शकणे हा शब्द फळ्यावर लिहायचाच नाही. ओसरी म्हणतात तसं येतं, जमेल, चालेल का, आणि प्रत्येकाने स्वतःची वाक्यं करायची. एसचा प्रश्न आला की 'पोशाख वर्तमानाचा, कूळ भूतकाळाचं'. दुसऱ्या दिवशी मागणं: सुट्टी, उचल, शिफ्ट बदलून घेणं, सगळं कुडने, आणि समोर मी सुपरवायझर बनून बसणार. तिसऱ्या दिवशी पाट्या, मस्ट नॉट आणि डोन्ट हॅव टू. अंदाजाचं असणार-असेल नंतर, सवडीने.

शॅलबद्दल माझं मत थोडं हललं आहे. 'शॅल आय' आणि 'शॅल वी' बोलायला, बाकीचा शॅल ओळखायला, सही करण्याआधी. ऑट टूला सुट्टी कायम.

नस्ती_उठाठेव

ऑट टूच्या सुट्टीस मान्यता देण्यात यावी.

व्याकरणवेडा

माझी असहमती नोंदवून ठेवा. ऑट हा ओ (owe) म्हणजे देणं लागणे याचा जुना भूतकाळ आहे, इतका सुंदर शब्द असा काढू नये.

संध्यावर्ग

@व्याकरणवेडा, नोंदवली. @लेथवाला, तुमच्या शॉपमधल्या आणखी इंग्रजी पाट्यांचा मजकूर इथे टाकाल का? तिसऱ्या दिवसाला त्याच वापरते. कंपनीचं नाव तेवढं झाका.

लेथवाला

टाकतो. पहिली शिफ्ट संपली की फिरून सगळ्या लिहून आणतो. एक आत्ताच आठवते, कॉम्प्रेसरजवळची: 'ऑथराइज्ड पर्सन्स मे एंटर'. तिचा अर्थ तुमच्या पोरांना विचारून बघा. आमच्याकडे एकजण म्हणाला, साहेब कदाचित आत येतील.